नाखवाबाईंचं उरलंसुरलं

नाखवाबाईंचा चेहरा पाहण्याच्या आधी मी त्यांचा आवाज ऐकला. डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात तेव्हा वर्गखोल्या कमी होत्या, म्हणून एका लांबलचक हॉलच्या मधोमध लाकडी फळ्यांचा आडोसा उभा करून दोन वर्ग केले होते. अलीकडे माझी अ तुकडी, पलीकडे त्यांची ब. विषय एकच, अर्थमिती. मी पुण्याहून पहिल्या वर्गात एम.ए. होऊन आलेलो, इस्त्रीचा शर्ट, हातात व्यवस्थित काढलेल्या टिपणांची फाईल. मी फळ्यावर पहिलं समीकरण लिहीत होतो आणि पलीकडून असा आवाज आला की माझ्या हातातला खडू तिथेच थांबला.

"रेषा काय, कोणीपण काढंल! उरलं काय ते सांग मला!"

माझी अख्खी तुकडी हसली. मीही हसल्यासारखं केलं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं मी त्या आवाजाच्या सावलीत शिकवलं. म्हणून आधीच सांगून टाकतो, मला या बाईंचा हेवा वाटत असे. थोडाथोडका नव्हे. ऐन तिशीत माणसाला दुसऱ्याच्या गाडीचा, बंगल्याचा हेवा वाटतो. मला एका बाईच्या रेसिड्यूअल्सवरच्या तासाचा वाटायचा.

सुमन नाखवा ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. आई मासळीबाजारात बसायची, आणि बाई स्वतःच सांगायच्या, "माझा आवाज तिथलाच. आमच्याकडे हळू बोललं की गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं." ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसात नेहमी अबोलीचा एखादा तुकडा, खांद्याला कापडी पिशवी. पदर खोचायच्या आणि खडू त्या खोचलेल्या पदरात ठेवायच्या, त्यामुळे दुपारपर्यंत कमरेपाशी पांढरा डाग पडलेला असे. शिकवताना मराठी, इंग्रजी, हिंदी सगळं एकत्र. चिडल्या की घरची बोली बाहेर यायची. एखादा मुलगा उत्तर त्यांच्याकडे बघून द्यायला लागला की, "आरं, मना काय सांगतंस? तिला सांग, तिला कलला नाय!" असं म्हणून शेजारच्या मुलीकडे बोट दाखवायच्या.

त्यांची सवय अशी की त्या फळ्याजवळ फार वेळ थांबत नसत. मुलाच्या हातात खडू द्यायचा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. मला ते शिस्तीला धरून वाटत नसे. शिक्षकाची जागा फळ्याजवळ, असं मला शिकवलेलं.

आमचा विषय बाहेरच्या माणसाला थोडा सांगायला हवा. समजा तुमच्याकडे पुष्कळ ठिपके आहेत. कोण किती दूर राहतो आणि त्याला कॉलेजला यायला किती वेळ लागतो, याचे. त्या ठिपक्यांमधून शक्य तितकी चांगली सरळ रेषा काढायची, हे रिग्रेशन. रेषा म्हणते तुला अर्धा तास लागेल, प्रत्यक्षात तुला पाऊण तास लागला, तर मधला फरक तो रेसिड्यूअल. मी त्याला 'अवशेष' म्हणत असे, बाई 'उरलंसुरलं' म्हणत. हे उरलेले फरक कसे पसरलेत ते बघायचं असतं. बहुतेक शून्याच्या आसपास, थोडे इकडे, थोडे तिकडे, अगदी टोकाला एखाददुसरा, म्हणजे चित्र काढलं तर उपड्या ठेवलेल्या घंटेसारखं दिसतं. त्याला नॉर्मल म्हणायचं. तसं आहे की नाही हे तपासायच्या चाचण्या असतात, आणि त्या चाचण्यांची सूत्रं भयंकर असतात. मला ती तोंडपाठ होती. त्याचा मला फार अभिमान होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट असेल. मी त्या दिवशी फळ्यावर चौथ्या घाताचं सूत्र मांडत होतो. घंटेचं शिखर किती टोकदार आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या बाकावर अर्चना गायकवाड बसलेली. माझ्या तुकडीतली सर्वांत हुशार मुलगी, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरात शिकणारी पहिलीच. ती सगळं नीट उतरवून घेत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. इतक्यात बाहेरच्या व्हरांड्यात गलका झाला. मी रागाने दार उघडलं.

ब तुकडी पूर्ण व्हरांड्यात उभी होती. बाईंनी मुलांकडूनच घरापासूनचं अंतर आणि लागणारा वेळ गोळा करून घेतला होता, रेषा काढून घेतली होती, आणि आता प्रत्येकाला आपापलं उरलंसुरलं घेऊन लादीवर उभं केलं होतं. रेषेच्या अंदाजाइतकाच वेळ लागणारे मधल्या लादीवर. जास्त लागणारे उजवीकडे सरकत गेलेले, कमी लागणारे डावीकडे. एकाच लादीवर जास्त मुलं आली तर एकामागे एक रांग. मुलांच्याच अंगांनी आलेख तयार झाला होता. मधे एक उंच रांग व्हायला हवी होती. झाल्या होत्या दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे खड्डा.

"ही काय घंटा आहे का?" बाई ओरडल्या.

"दोन वशिंडांचा उंट आहे, मॅडम!" कोणीतरी म्हणालं.

"मग उंट का झाला?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "माझ्या तोंडावर लिहिलंय का? एकमेकांकडे बघा ना. उजवीकडचे, तुमच्यात काय सेम आहे?"

उजवीकडच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुजबुज. मग मानपाड्याकडून येणारा विजय भोईर, जो स्वतः डावीकडे उभा होता, त्यालाच आधी सुचलं. "मॅडम, ते सगळे फाटकापलीकडचे आहेत! त्यांना गेट लागतं, आम्हाला नाय लागत!"

एकदम आरडाओरडा झाला. रेल्वेच्या फाटकापाशी रोज ताटकळणारी मुलं उजव्या रांगेत, आणि ज्यांना फाटक ओलांडावंच लागत नाही ती डावीकडे. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "अंतर मोजलंत, फाटक मोजलं नाय. म्हणून उंट झाला. आता फाटक घाला रेषेत आणि परत उभे राहा."

मी दाराशी उभा होतो. माझ्या मागे माझी तुकडी उभी होती, आणि अर्चना माझ्या कोपराखालून वाकून बघत होती. तिच्या डोळ्यांत आता सगळं होतं. मी मागे वळून म्हणालो, "चला, आत बसा." बसले बिचारे. पुढच्या आठवड्यात अर्चनाने ऑफिसात अर्ज करून तुकडी बदलून घेतली. कारण काय, तर गाडीची वेळ.

घरी जेवताना मी शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. सांगितलं म्हणजे तक्रार केली. "व्हरांड्यात उभं करून कुठे अर्थमिती शिकवतात का? त्या मुलांना सूत्र विचारा, एकाला येणार नाही."

शैला भात वाढत म्हणाली, "फाटकाचं मला समजलं बाई."

मी आमटी मागितली.

तुम्ही म्हणाल, अशा बाईंशी भांडण काढावं, मोकळं व्हावं. पण भांडायला समोरचा लढणारा लागतो. नाखवाबाईंना आमच्यात काही स्पर्धा आहे हेच माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये त्या डबा उघडून माझ्यापुढे सरकवायच्या, मग कपाळावर हात मारून घ्यायच्या, "अय्यो, तुम्ही खात नाय ना! जवळा आहे." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मुद्दाम वालाचं बिरडं वेगळ्या डब्यात. ते बिरडं अप्रतिम असायचं. तेही मला खुपायचं.

एकदा अभ्यासक्रम बदलायचा होता म्हणून ठाण्यातल्या एका कॉलेजात आमच्या विषयाच्या शिक्षकांची कार्यशाळा भरली. विद्यापीठातले एक फार मोठे प्राध्यापक अध्यक्ष. मी तीन महिने राबून निबंध तयार केला होता: नॉर्मल तपासण्याच्या तीन चाचण्या, त्यांची तुलना, पारदर्शक कागदांवर रंगीत शाईने काढलेल्या आकृत्या. प्रोजेक्टरचा दिवा लागला, माझा आवाज स्थिर होता, माणसं लिहून घेत होती. मला वाटलं, आज.

निबंध संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "छान. पण मला सांगा, वर्गात मुलांकडे आकडे असतात मूठभर. तेवढ्यावर चाचणी करून ती म्हणाली की काही गैर दिसत नाही, तर मुलांनी काय समजायचं?"

मी म्हणालो, "अवशेष नॉर्मल आहेत हे गृहीतक नाकारता येत नाही, असं समजायचं." उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पुस्तकात तसंच आहे.

"हो, पण म्हणजे मुलाच्या डोक्यात काय जायचं?"

मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात मागून तो आवाज आला. माईक नव्हता, लागतही नव्हता. "सर, मी सांगू का? मोठ्या भोकांचं जाळं टाकलं आणि बारीक जवळा लागला नाही, म्हणून खाडीत जवळा नाय, असं माझी आई कधी म्हणणार नाय. ती म्हणेल, या जाळ्यात लागला नाय. मूठभर आकडे म्हणजे मोठ्या भोकांचं जाळं. एवढंच सांगते मी पोरांना."

अध्यक्ष हसले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ते वाक्य लिहून घेतलं. माझ्या तीन महिन्यांतलं एकही वाक्य त्यांनी लिहून घेतलं नव्हतं. चहाच्या वेळी ते आणि बाई खिडकीशी उभे राहून जाळ्यांबद्दल बोलत होते. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो.

संध्याकाळी बाई मला सोडायला खोपटच्या एसटी डेपोपर्यंत आल्या. "तुम्हाला ठाण्यातलं काय माहीत नाय, चुकाल." मी चुकलो नसतो. मी तेव्हा कल्याणला राहत असे; गाडी यायला वेळ होता. त्यांनी दोघांसाठी उसाचा रस सांगितला आणि म्हणाल्या, "लिमये सर, खरं सांगू? तुमचा पेपर ऐकला नसता ना, तर मला ते जाळ्याचं सुचलंच नसतं. किती नीट मांडलंत तुम्ही. मला असं ओळीने नाय येत."

त्यांच्या आवाजात कणभर खोट नव्हती. खोट असती तर मला किती बरं वाटलं असतं! रस संपवला आणि गाडीत चढलो. खिडकीतून पाहिलं तर त्या अजून हात हलवत होत्या.

नव्वदीच्या सुरुवातीला विभागात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच सुमारास मी विभागप्रमुख झालो, कारण मी बाईंपेक्षा काही महिने आधी कायम झालो होतो. मला वाटलं, आता हे दुखणं जाईल. खुर्ची माझी, यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. पण मुलं प्रश्न घेऊन यायची ती शेजारच्या टेबलाशी. मी मान वर केली की म्हणायची, "नाही सर, मॅडमकडे काम होतं."

आणि मग एका वर्षी बाईंचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी चालवून घेतलं, हळदीचं दूध पीत राहिल्या. पण तो बसला तो उठेना. नुसती घरघर. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. इतकी वर्षं फळ्यांच्या आडोशापलीकडून ओरडण्याची ती किंमत. ऑपरेशन झालं. गाठी साध्या होत्या, पण डॉक्टरांनी सांगितलं की बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढे आवाज येईल, किती येईल ते सांगता येत नाही.

त्या काळात दोन्ही तुकड्या मी घेतल्या. आडोसा काढून टाकला. अख्खा हॉल माझा, पलीकडून हूं की चूं नाही. किती वर्षं मी हेच मागत होतो! मी सूत्र मांडायचो आणि माझा आवाज हॉलच्या टोकाला जाऊन परत यायचा. मुलं शहाण्यासारखी बसायची. एकदा मी सहज विचारलं, "काही शंका?"  मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, नाखवा मॅडम कधी येणार?"

त्या आल्या. गळ्याभोवती सुती रुमाल, हातात पाटी. खरीखुरी लहान मुलांची पाटी. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं.

"लिमये, अहो ही बाई बोलत नाही. शिकवणार कशी? पालक विचारतील. मी त्यांना स्वेच्छानिवृत्ती सुचवतोय. विभागप्रमुख म्हणून तुमचं मत हवं. एकदा तासाला बसा आणि मला सांगा, जमतंय की नाही."

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, बाईंच्या नेहमीच्या जागी. त्या आत आल्या, मला पाहून हसल्या, आणि फळ्याकडे वळल्या. मानपाड्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याचे आकडे होते. कोणत्या महिन्यात किती कापड रंगवलं आणि किती वीज लागली. मुलांनी कॉम्प्युटरवर रेषा काढून आणली होती, उरलेल्या फरकांचा आलेखही. सुंदर घंटा. चाचणीही म्हणत होती, काही गैर नाही.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, नॉर्मल आहे. झालं."

बाईंनी मान हलवली नाही. ना होकारार्थी, ना नकारार्थी. त्यांनी खडू घेतला आणि तेच फरक पुन्हा फळ्यावर मांडायला सुरुवात केली, पण या वेळी महिन्यांच्या क्रमाने. जानेवारी, ठिपका वर. फेब्रुवारी, वर. मार्च, वर. मुलं बघत होती. पावसाळ्यानंतर सगळे ठिपके रेषेच्या खाली जाऊ लागले. शेवटचा ठिपका काढून बाईंनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले, आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

वर्गात कोणी बोलेना. बाईही बोलणार नव्हत्या. मी असतो तर उत्तर सांगून टाकलं असतं. मला शांतता सोसवत नाही. ती शांतता लांबत गेली आणि मुलं बाकांवर चुळबुळ करायला लागली, पुढे झुकायला लागली. आणि माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात बाकावरून उचलला जातोय. मला उत्तर माहीत होतं, गेली कित्येक वर्षं माहीत होतं, आणि मला ते बाईंना सांगायचं होतं! बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवावी, असं मला वाटत होतं. मी हात खाली दाबून धरला.

"मॅडम," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "हे सगळे एकत्र टाकले की घंटा बरोबर येते. पण ओळीने लावले तर आधी सगळे वर, नंतर सगळे खाली. म्हणजे मधे काहीतरी बदललंय, आपण ते घेतलंच नाही."

"मग नॉर्मल नाहीये?" पहिला मुलगा.

"नॉर्मल आहे रे. पण नॉर्मल असलं म्हणून सगळं ठीक असतं का?"

दोघांचं जुंपलं. मग सगळ्यांचं. बाई खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना.

प्राचार्य वाटच बघत होते. "काय लिमये? जमतंय?"

"जमतंय."

"बोलता येत नाही, तरी?"

"सर," मी म्हणालो, "माझ्यापेक्षा चांगलं जमतंय. आधीही जमत होतं."

इतक्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढलं. प्राचार्य खुर्चीतून उठले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही."

मोठं मन कसलं! मी जिना उतरलो तेव्हा माझ्या छातीत नुसती आग होती. आवाज होता तेव्हा आवाजाचा हेवा केला. आता आवाज गेला, तर त्या बाईंच्या गप्प बसण्याचाही हेवा करायची वेळ आली होती.

बाई राहिल्या. पुढे थोडा आवाज परत आला, खरखरीत, एका बाकापुरता. मग आईचं वय झालं म्हणून त्यांनी ठाण्याच्याच एका कॉलेजात बदली मागून घेतली. निरोपसमारंभात मी विभागप्रमुख या नात्याने भाषण केलं. भाषण ओळीने, नीट झालं. त्यांनी पाटीवर 'थँक्यू सर' लिहून ती सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि टाळ्या कोणाला पडल्या ते सांगायला नको.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शैलाच्या हट्टाखातर आम्ही घोडबंदर रोडला एका नव्या इमारतीतला फ्लॅट बघायला गेलो होतो. तेव्हा तिथे अर्ध्या बांधलेल्या इमारती, धूळ आणि ट्रकच ट्रक. शैला आत बिल्डरच्या माणसाशी बोलत होती, मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. पलीकडे पाच-सहा कॉलेजची मुलं हातात पॅड घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना काहीतरी विचारत होती. आणि त्यांच्यामध्ये खोचलेला पदर, केस आता बरेच पांढरे. नाखवाबाई.

मी हाक मारणार होतो. पण एक मुलगी धावत त्यांच्याकडे आली. दोन वेण्या, घामाने डबडबलेली. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करत. तिला काहीतरी सापडलं होतं. ट्रकच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाई वाकल्या, कान अगदी तिच्या तोंडाशी नेला, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, आणि डोळे मिटून ऐकायला लागल्या. एक ट्रक गेला, दुसरा गेला, धुळीत त्या दोघी दिसेनाशा झाल्या, पुन्हा दिसल्या. बाई अजून तशाच ऐकत होत्या. जगात दुसरं काही चाललेलंच नाही अशा.

"कोण आहे हो?" शैला कधी बाहेर आली होती कोण जाणे.

 इतकी वर्षं मी ज्या बाईंचा हेवा केला त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या, आणि मी मात्र जळत होतो त्या दोन वेण्यांच्या मुलीवर.